नकाशे बुडाले, जहाज उभं राहिलं

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नवं काम दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रॉइंग आणलंय का? बजाजनगरात राहणारे एक मिस्त्री आयुष्यभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न करत आले. हा प्रश्न त्यांनी असंख्य गिऱ्हाइकांना विचारला आणि बऱ्याच वेळा नकारच ऐकला. गिऱ्हाईक पोत्यातून बिडाचा तुटका तुकडा काढून बाकावर ठेवायचं. कधी पंपाचं हाउसिंग, कधी जुन्या मशिनचा ब्रॅकेट, कधी दात झडलेलं चाक. ते मशिन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, कागद कुठेच नाही. तुकड्यावरून पॅटर्न करायचा, फाउंड्रीत वाळूमध्ये त्याचा ठसा उठवायचा आणि त्या ठशात वितळलेलं बीड ओतायचं.

सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतं, असं मिस्त्री सांगतात. तुकड्याचं माप जसंच्या तसं उचलून चालत नाही. बिडाचा रस थंड होताना आटतो, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. ॲल्युमिनियम त्याहून जास्त आटतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी पट्टीच वेगळी वापरायची, जिच्यावरचे मिलिमीटर मुळातच वाढवून आखलेले असतात. पुढे लेथवर जिथे मशिनिंग होणार असेल तिथे दोन-तीन मिलिमीटर माल जादा ठेवायचा. वाळूतून पॅटर्न उचलताना कड ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स निराळा. शिवाय समोरचा तुकडा वर्षानुवर्षं झिजलेला असतो. तो आज किती आहे हे व्हर्निअर सांगतो. तो नवा असताना किती होता, हे मिस्त्रींनी ओळखायचं.

मिस्त्री मूळचे देवगड तालुक्यातल्या वाघोटण खाडीकाठचे. घराणं सुतारांचं. आजोबा मचव्यांच्या डागडुजीची कामं करत, वडील घरांची छपरं आणि दारं-खिडक्या. आयटीआयचा पॅटर्नमेकरचा ट्रेड करून मिस्त्री ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वाळूजला आले. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला होता. त्याच्या अवतीभवती लहान-लहान वर्कशॉप उभी राहत होती, बजाजनगरात घरं वाढत होती, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं येऊन राहत होती. कोकणातलं माणूस विरळाच. समुद्र इथून रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. पण चांगल्या पॅटर्नला सागवानच लागतं, कारण ते हवेप्रमाणे फारसं फुगत-आकसत नाही. त्यामुळे आजोबांच्या हातातलं लाकूड नातवाच्या हातातून सुटलं नाही.

काम थांबल्यावर त्यांनी वाचायला घेतलं ते लाकडी जहाजांबद्दल. लढाया कोणी जिंकल्या यात त्यांना फार रस नाही. फासळीला बाक कसा आणला, दोन फळ्यांचा सांधा कसा धरला, इतकं मोठं धूड पाण्यात कसं उतरवलं, हे ते शोधतात. या वाचनात एका जहाजाने त्यांना धरून ठेवलं.

त्याचं नाव वेलस्ली. ७४ तोफांचं, तीन डोलकाठ्यांचं, पावणेदोनशे फुटांच्या आसपास लांबीचं, सागवानी. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी ते मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलं. नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे आर्थर वेलस्लीचं. मराठवाड्याला हा माणूस परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच वेलस्लीने असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा हरवल्या. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं ते असई आज जालना जिल्ह्यात आहे. बजाजनगरातून सकाळी निघालेला माणूस ते पाहून संध्याकाळी घरी येतो. मिस्त्री तिथे जाऊन आले. ज्याने मराठ्यांना आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हरवलं त्याचं नाव मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या जहाजाला मिळालं, ही गोष्ट त्यांना बोचते. आणि तरीही त्या सुतारांचं काम त्यांना पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

कारण या जहाजाचे नकाशे मुंबईला कधी पोहोचलेच नाहीत.

ते इंग्लंडहून निघाले होते, जावा नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर. त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिका यांचं युद्ध चालू होतं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनशी पडली. काही तासांच्या गोळाबारीत जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या. कप्तान हेन्री लॅम्बर्ट जखमी झाला आणि पुढे त्याच जखमेने गेला. जहाज ओढून नेण्याच्याही लायकीचं उरलं नव्हतं, तेव्हा अमेरिकनांनी कैदी उतरवून घेतले आणि ते पेटवून दिलं. मुंबईत बांधल्या जात असलेल्या कॉर्नवॉलिस या जहाजाच्या तळाला मढवायचे तांब्याचे पत्रेही त्यात गेले. जावावरून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशांत लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता. तो वाचला. हाच हिस्लॉप डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. अटलांटिकमधल्या एका दुपारचे धागे मराठ्यांच्या इतिहासात असे कुठे कुठे निघतात.

नकाशे गेले, पण वेलस्लीचं काम अडलं नाही. कॉर्नवॉलिसच्या रेषांवरून ते बांधलं गेलं. कॉर्नवॉलिस १२ मे १८१३ रोजी त्याच गोदीत पाण्यात उतरलं होतं, ७४ तोफांचंच, त्याच मास्टर बिल्डरचं, जमशेटजी बोमनजींचं.

हे वाचल्यावर मिस्त्रींनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. जहाजाचा आराखडा कागदावर लहान असतो. मोठ्या सपाट जमिनीवर तो जहाजाच्या खऱ्या मापात काढून घ्यावा लागतो. त्या रेषांवर पातळ फळ्या ठेवून प्रत्येक फासळीचा साचा कापतात. मग साचा खांद्यावर घेऊन सुतार लाकडांच्या राशीत हिंडतात आणि ज्या लाकडाचा मूळचा बाक साच्याला मिळतो ते निवडतात. सरळ ओंडका कापून वाकडी फासळी काढली तर रेषा आडव्या तुटतात आणि भार पडला की तिथेच चीर जाते. बाक झाडातच शोधायचा असतो. पॅटर्नमध्येही हेच. वाकडा भाग सलग फळीतून न कापता तुकडे जोडून करायचा आणि प्रत्येक तुकड्याची रेषा वळणासोबत फिरवायची, हे मिस्त्री नव्या मुलाला पहिल्या महिन्यातच शिकवत.

त्यांचा तर्क असा, की एक जहाज नुकतंच पाण्यात गेलेलं, म्हणजे त्याचे साचे कुठेतरी टेकवून ठेवलेले असणार. साचे नसले तरी कोणता बाक कुठे बसला, कुठला सांधा हट्टी निघाला, हे सांगणारी माणसं रोज कामावर येत होती. त्यांच्यासाठी कॉर्नवॉलिस हाच नकाशा होता. गिऱ्हाइकाने बाकावर टाकलेल्या तुकड्यावरून पॅटर्न करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक मापाचा. इथे तुकडा दोन हातांत मावतो, तिथे सतराशेहून अधिक टनांचं जहाज.

जावाबरोबर ट्रिंकोमाली या फ्रिगेटचेही नकाशे गेले होते. तिच्या बाबतीत दुसरी प्रत येण्याची वाट पाहावी लागली. बांधणीला १८१६ मध्ये सुरुवात झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. म्हणजे एकाच गोदीने दोन्ही रस्ते पाहिले, कागदावाचूनचा आणि कागदाची वाट पाहण्याचा.

ही गोदी एका दिवसात घडली नव्हती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये काही सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी तयार झाली, आशियातली पहिली. नौदलाच्या गोदीच्या आवारात ती अजून आहे. मुलगा, नातू, पणतू असं काम घराण्यात चालत राहिलं. वेलस्ली बांधणारे जमशेटजी बोमनजी हे लवजींचे नातू. त्यांच्याच हाताखाली १८१० मध्ये मिंडेन पाण्यात उतरलं. ब्रिटिश नौदलाच्या आघाडीच्या ताफ्यातलं ब्रिटनबाहेर बांधलेलं ते पहिलं जहाज. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्र आहे, हातात कंपास आणि जहाजाचा आराखडा. अधिकाऱ्याच्या चित्रात तलवार असते. इथे हत्यारं सुताराची आहेत, म्हणून मिस्त्रींना ते चित्र आवडतं. त्यांनी त्याची छापील प्रत घरात लावली आहे.

मात्र या चित्राखाली शेकडो माणसांची नावं यायला हवी होती. करवतीच्या दोन टोकांना उभं राहून ओंडके चिरणारे, वाकसाने फासळी तासणारे, फळ्यांच्या फटी कापूस आणि राळेने बुजवणारे. मुंबई-सुरतेकडचे कारागीर फळीची कड नुसती फळीला भिडवत नसत. कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. हे काम वेळखाऊ, आणि ते ज्यांनी केलं ते इतिहासाच्या पुस्तकांत बिननावाचे राहिले.

लाकूड मुख्यतः मलबारचं. युरोपात जहाजं ओकची. तेव्हा ७४ तोफांच्या एका जहाजाला ओकची दोनेक हजार झाडं लागत, असा हिशेब सांगतात, आणि इंग्लंडात मोठा ओक मिळेनासा झाला होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागवानात तेल असतं. त्यात लोखंड टिकतं, आणि लाकूड पोखरणारे समुद्रातले किडेही त्याला सहजासहजी लागत नाहीत. मिस्त्री सागवानाचा नवा तुकडा रंध्याखाली घालतात तेव्हा येणारा तो कडवट, तेलकट वास याच तेलाचा.

वेलस्ली कशासाठी वापरलं गेलं, ते सरळ सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी १८३९ मध्ये त्याने कराचीच्या मनोरा किल्ल्यावर तोफा डागल्या आणि कराची इंग्रजांच्या हाती गेली. जहाजावर तेव्हा रिअर ॲडमिरल फ्रेडरिक मेटलंड होता. नेपोलियनने १८१५ मध्ये ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली, तोच हा अधिकारी. ३० नोव्हेंबर १८३९ रोजी तो मुंबईच्या जवळ वेलस्लीवरच वारला. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. पुढच्या वर्षी हे जहाज चीनमध्ये होतं, अफूच्या युद्धात. कॉर्नवॉलिसही त्याच युद्धात. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. अफू चीनच्या गळ्यात घालण्यासाठी लढलेल्या लढाईचा अभिमान कोणाला वाटू नये. वेलस्लीच्या अंगात त्या मोहिमांनंतर तोफांचे २७ गोळे रुतलेले सापडले. गोळे आत शिरले होते, जहाज तरंगत होतं. मिस्त्रींचं लक्ष या २७ गोळ्यांकडे जातं. लाकडाने मार कसा पचवला, हे त्यातून कळतं.

वाफेची जहाजं आल्यावर शिडाच्या युद्धनौका बंदरात उभ्या राहिल्या. वेलस्ली १८५४ मध्ये चॅथमला पहाऱ्याचं जहाज झालं. १८६८ मध्ये त्याचं नाव बदलून कॉर्नवॉल ठेवलं आणि टेम्स नदीत पर्फ्लीटला बालगुन्हेगारांच्या सुधारशाळेचं जहाज केलं. डोलकाठ्यांखाली आता मुलं धडे गिरवू लागली. १९२८ मध्ये ते ग्रेव्ह्जएंडजवळ डेंटनला नेलं. तिथे २४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ते जबर जखमी झालं आणि बुडालं. ७४ तोफांच्या, शिडाच्या जमान्यातलं जहाज विमानांनी बुडवल्याचं दुसरं उदाहरण नाही. त्या वर्गाचं शत्रूच्या हल्ल्यात गेलेलं ते शेवटचं ब्रिटिश जहाज. मुंबईच्या गोदीतून निघून तेव्हा १२५ वर्षं झाली होती.

१९४८ मध्ये ते नदीतून वर काढलं आणि टिलबरीला मोडलं. काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या डागडुजीत वापरलं गेलं. पुढच्या टोकावरचा पुतळा चॅथमच्या जुन्या गोदीच्या फाटकात ठेवला आहे. ज्याच्या रेषांवरून वेलस्ली झालं ते कॉर्नवॉलिस शेवटी धक्का म्हणून उपयोगात होतं. १९५७ मध्ये तेही मोडलं. ट्रिंकोमाली मात्र इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. जमशेटजींच्या माणसांचा हात ज्याला पाहायचा असेल, त्याने तिथे जावं.

आता मिस्त्रींच्या गावाकडे. वाघोटण खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग आहे, आणि खाडीत थोडं आत गिर्ये गावाजवळ खडक फोडून केलेली आंग्र्यांच्या वेळची गोदी. शंभर मीटरहून जास्त लांब. मिस्त्रींनी ती लहानपणी पाहिली तेव्हा तिच्यात गाळ भरला होता आणि गुरं चरत होती. आजोबा ती दाखवून सांगत, इथे जहाजं बांधत. कशी बांधत, हे आजोबांना माहीत नव्हतं.

तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते याच पाण्यात. पेशवे आणि इंग्रज तुळाजींविरुद्ध एक झाले होते. समुद्रावरून ॲडमिरल चार्ल्स वॉटसन, त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रज जहाजं खाडीत शिरली. तुळाजींनी इंग्रजांकडून पूर्वी जिंकून घेतलेलं रेस्टोरेशन हे जहाज किल्ल्याजवळ उभं होतं. त्यावर एक पेटता गोळा पडला. आरमाराची जहाजं जवळजवळ बांधलेली होती, आग एकीवरून दुसरीवर गेली. गुराबा गेल्या, गलबतं गेली. गोदीत बांधणीखाली असलेली जहाजंही होती, त्यातलं एक ४० तोफांचं. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते सुटलेच नाहीत.

इंग्रजांशी हात मिळवण्याच्या नानासाहेब पेशव्यांच्या या निर्णयावर मराठी इतिहासकारांनी भरपूर लिहिलं आहे. घरातलं भांडण परक्याच्या तोफांनी मिटवलं, त्यात आरमार जळालं. हा दोष झाकता येत नाही. विजयदुर्ग पुढे त्याच वर्षी पेशव्यांकडे आला, आनंदराव धुळपांनी तिथूनच आरमार चालवलं आणि १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर हे जहाज पकडलं. म्हणजे खाडीतलं काम १७५६ नंतर थांबलं नाही. तरीही त्या गुराबांबद्दल आज जे ठाऊक आहे ते बरंचसं शत्रूने लिहिलेलं. रुंद, उथळ, पुढे निमुळतं लांब टोक, त्या टोकाच्या रोखाने झाडता येणाऱ्या दोन तोफा. गलबतं हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. बाहेरून दिसलं तेवढं इंग्रजांनी टिपलं. फासळ्यांमधलं अंतर, कण्याला नाळ कशी जोडली, लाकूड कुठलं, हे टिपायला आत कोण जाणार होतं? वेलस्ली बुडालं तेव्हा त्याच्यासारख्या जहाजांचे आराखडे इंग्लंडात सुरक्षित होते. विजयदुर्गाला जे जळालं त्याच्या मागे कागद नव्हता, आणि शेजारी उभं असलेलं दुसरं जहाजही उरलं नव्हतं. मिस्त्रींच्या मते खरं नुकसान हे. तुटका तुकडासुद्धा हातात नाही.

एक जुनं जहाज मात्र निदान चित्रात उरलं आहे. बजाजनगरपासून अजिंठा सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. लेणी क्रमांक २ मध्ये एक जहाज रंगवलेलं आहे, साधारण पाचव्या शतकातलं. सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याच्या कथेतलं. तीन डोलकाठ्यांवर उंच शिडं, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही, माठांची ओळ, नाळेवर डोळा. इथे पाहुणे आले की लोक त्यांना अजिंठा दाखवायला नेतात आणि पद्मपाणीच्या चित्रापाशी थांबतात. मिस्त्री मात्र जहाजापाशीच रेंगाळतात.

या चित्रावरून खरं जहाज झालं आहे. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा घातला गेला. जहाज शिवलेलं, म्हणजे फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या आणि फटी काथ्या, राळ यांनी बुजवायच्या. हे काम येणारे कारागीर केरळमधून आले, बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं आणि त्याला नाव मिळालं कौंडिण्य. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये शिडांच्या जोरावर मस्कतला पोहोचलं.

लेण्यातल्या चित्रात जहाजाची एकच बाजू दिसते. पोटात काय आहे, ते पाण्यात किती बसेल, वाऱ्याने कलेल का, हे भिंत सांगत नाही. त्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये लहान प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. आणि शिवण कशी घालायची हे ना चित्रात होतं ना संगणकात. ते केरळच्या माणसांच्या बोटांत होतं, कारण तिथे शिवलेल्या होड्या पूर्ण थांबल्या नव्हत्या. थांबल्या असत्या, तर अजिंठ्याचं जहाज भिंतीवरच राहिलं असतं.

मिस्त्रींच्या धंद्यातही हेच चाललं आहे, आणि ते फार लांबचं नाही. आता पॅटर्न संगणकावर आखतात, ॲल्युमिनियममधून सीएनसीवर कोरतात किंवा रेझिनमध्ये छापून काढतात. माप अचूक येतं, वेळ वाचतो. मिस्त्रींना त्याबद्दल तक्रार नाही. त्यांचं दुःख मांडणीवरच्या लाकडी पॅटर्नचं आहे. वर्कशॉप बंद होतं, जागा रिकामी करायची असते, वाळवी लागलेली असते, आणि पंचवीस-तीस वर्षांचे सागवानी पॅटर्न जळणाच्या भावात जातात. त्यांच्यावर करणाऱ्याचं नाव नसतं. मिस्त्रींनी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक सवय लावून घेतली. पॅटर्न तयार झाला की खालच्या बाजूला पेन्सिलीने आटीचं प्रमाण, मशिनिंगसाठी सोडलेला माल, तारीख आणि ज्या मुलाने काम केलं त्याचं नाव लिहायचं. वर वॉर्निशचा हात मारायचा, म्हणजे पुसलं जात नाही. पोरांना आधी हा नसता उद्योग वाटायचा. नंतर ती आपलं नाव नीट अक्षरात लिहायला लागली.

गावी गेले की मिस्त्री खाडीकाठी चक्कर मारतात. लाकडी होड्या आता कमी, फायबरच्या जास्त. तरी कोकणात काही ठिकाणी अजून उघड्यावर, माडांच्या सावलीत, कागदावर काहीही न काढता लाकडी होडी बांधली जाते. कणा आधी, फासळ्या मग, डोळ्याच्या अंदाजाने आणि दोरीने. बांधणारा बहुधा साठी उलटलेला असतो. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि व्हिडिओही निघतात, पण त्यांत माप नसतं. वाळूज, रत्नागिरी, मालवण, कुठल्याही पॉलिटेक्निकच्या चार मुलांना टेप आणि वही देऊन अशा एका होडीशेजारी महिनाभर बसवलं, तर एक पूर्ण आराखडा हाती येईल. याला मोठा निधी लागत नाही. मेरिटाइम बोर्ड, विद्यापीठं, गावातली शाळा, कोणीही हे हाती घ्यावं. आणि ज्यांच्या गावच्या खाडीत या मोसमात होडी बांधली जाते आहे त्यांनी कोणाची वाट पाहू नये. फळ्या मारून फासळ्या झाकल्या जाण्याआधी तिथे जावं, मापं उतरवावीत, लाकूड कुठलं ते विचारावं, आणि वहीच्या पहिल्या पानावर बांधणाऱ्याचं नाव व तारीख लिहावी.